पूजेतला पाना

संप सुरू होऊन वर्ष उलटलं, मिलचा भोंगा काही वाजेना, आणि आमच्या ह्यांनी कॉटन ग्रीनच्या एका गोदामातून लष्करातली जुनी जीप आणली. माझं होतं नव्हतं तेवढं सोनं त्या पत्र्यात गेलं. भाऊच्या धक्क्यावरून एका कोळीण मावशीच्या मासळीच्या टोपल्या लालबागच्या बाजारात पोचवायच्या, असा बेत. दसऱ्याला पहिली फेरी. ती जमली नाही तर खोली विकून पोरांसकट गावी यायचं, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. गावी काय होतं? सासरे होते.

जीप चाळीमागे उभी राहिली आणि संपावरचे ह्यांचे दोन दोस्त तिचे डॉक्टर झाले. दिवसभर बॉनेट उघडून आत बघत बसायचे, जसा काही आत सिनेमा लागलाय. एक म्हणायचा कार्बोरेटर, दुसरा म्हणायचा कॉइल. चहा मात्र दोघांना माझ्याकडचाच. शेवटी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने चाक काढून ब्रेक उघडून दाखवला, तेव्हा हे तिघे माना डोलवत होते आणि मी बघत होते.

मग मीच हात घातला. पहिल्या दिवशी प्लगच्या वायरी पुसायला म्हणून सगळ्या एकदम काढल्या आणि उलट्यासुलट्या लावल्या. जीप अशी भुंकली की वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला देव आठवले. दोस्त पोट धरधरून हसले. हसा म्हटलं, हसायला काय लागतं! संध्याकाळपर्यंत माझ्या वायरी जागेवर बसल्या. त्यांचं अजून कार्बोरेटर की कॉइल चाललेलंच होतं.

आमचे हे मिलमध्ये साच्यांना, म्हणजे कापड विणायच्या मागांना, तेल घालायचे. अख्खं साचेखातं आपल्या तेलावर चालतं, असं त्यांचंच म्हणणं. मिलची रीत अशी, की दसऱ्याच्या आधी साचा धुवायचा, पुसायचा, सांध्यासांध्यात तेल पाजायचं आणि मग झेंडू चढवायचा. खंडेनवमीला मी दादरला फुलं आणायला गेले, तेवढ्यात ह्यांनी जीपचं तेच केलं. चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उघडले आणि आतल्या पट्ट्यांवर प्रेमाने तेल सोडलं. ज्या पट्ट्यांनी घासून गाडी थांबवायची, त्यांनाच! दोस्तांनी टॉर्च धरला होता म्हणे.

दसऱ्याला सकाळी नारळ फोडून जीप निघाली. गल्लीच्या वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि जीप थांबली ती पानवाल्याचं बाकडं मोडूनच. पानवाला तेवढा उडी मारून वाचला. नजर लागली, असं दोस्तांनी निदान केलं. ह्यांचा चेहरा तर पांढराफटक. विकून टाकू, म्हणाले, गावी जाऊ.

मी खाली वाकून बघितलं. चाकाच्या आतून तेल ठिबकत होतं. माझं डोकंच फिरलं. तडक घरात गेले. हत्यारं हळदकुंकू लावून देवासमोर मांडलेली होती, त्यांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. मी झेंडू बाजूला सारून पाना उचलला.

"अगं, पूजेतला पाना आहे तो," हे म्हणाले.

"मग देवीलाच सांगा ब्रेक मारायला."

पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, पॉलिश पेपरने घासल्या, पुन्हा धुतल्या. तिकडे मावशी टोपल्यांवर बर्फ टाकत आम्हाला शिव्या घालत होती. दुपार कलली, पण जीप धक्क्यावर गेली, टोपल्या घेऊन आली आणि बाजाराच्या दाराशी थांबवली तिथेच थांबली. खोली वाचली. जीप आपणच दुरुस्त केली, असं दोस्तांनी चाळभर सांगितलं. सांगोत बापडे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला हे तेलाचा कॅन घेऊन जीपपाशी उभे होते. मिलमध्ये ह्यांनी तेल कुठे घालायचं ते कधी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमालासुद्धा विचारलं नव्हतं. मला बघून त्यांनी बोटाने एक सांधा दाखवला.

"इथे घालू का गं?"

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मेलं रडूच आलं. मिल आता उघडायची नाही, हे मला तेव्हा कळलं.