घरात आवाज नको

आयुष्यातली सर्वांत आत्मविश्वासपूर्ण बैठक मी ढसाढसा रडत घेतली.

ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीच्या नंदुरबार कार्यालयाचा मी तेव्हा प्रभारी प्रमुख होतो. (प्रभारी म्हणजे खुर्ची आपली, पण मागे टेकून बसायचं नाही.) रविवारची ऑनलाइन बैठक मी कशी चालवतो, हे नाशिकचे साहेब स्वतः बघणार होते. जमलं तर पद कायम, नाहीतर पुन्हा मोटारसायकल आणि गावोगाव नळ्या.

मी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहून तयारी केली. कॅमेऱ्यात रोखून बघा, महत्त्वाच्या वाक्याआधी खोल श्वास घ्या, चेहऱ्याला हात लावू नका. मग घरात फर्मान काढलं, "दहा ते अकरा आवाज नको. टीव्ही नको, मिक्सर नको, कुकरची शिट्टी नको."

"श्वास घेतला तर चालेल?" बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"हळू घे."

आईनं निमूट मान डोलावली. वर्षाचा मसाला करायचा होता. मिक्सर बंद म्हटल्यावर तिनं त्यातलं बिनआवाजाचं काम आधी काढलं. कढईत लाल मिरच्या भाजायचं.

पडद्यावर तळोद्याचा दिलीप, नवापूरच्या मनीषाताई आणि कोपऱ्यात गंभीर साहेब. मी कॅमेऱ्यात रोखून पाहिलं, छाती भरून श्वास घेतला, आणि मिरची थेट मेंदूत गेली.

पण चेहऱ्याला हात लावायचा नव्हता!

"खापर भागात," मी म्हणालो, आणि डोळ्यांतून धार लागली, "आपली विक्री घटली आहे."

"सर, मनाला लावून घेऊ नका," दिलीप घाबरून म्हणाला. "मी उद्याच जातो खापरला."

"नवापूरमध्ये मात्र," मी हुंदका गिळला, "आपण उद्दिष्ट ओलांडलं."

मनीषाताईंनी कॅमेरा बंद केला. बहुधा त्यांनाही बघवेना.

खोकला आवरत मी कॅमेऱ्याखालून हातवारे करून आईला बोलावलं. ती झारा घेऊनच दारात आली.

"माय, काय करी ऱ्हायनी?" मी घुसमटत विचारलं.

"मन्हा आवाज उना का?" ती म्हणाली.

आवाज खरंच आला नव्हता. माझाही आता येत नव्हता. आईनं माझी अवस्था पाहिली, पदरानं माझं तोंड पुसलं (सगळ्यांसमोर) आणि लॅपटॉपमध्ये वाकून म्हणाली, "साहेब, आज याले सोडी द्या. आते हाऊ काय बोलनार नही."

साहेबांनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी मिरचीचं सांगायला तोंड उघडलं, पण ते ऐकायलाच तयार नव्हते.

"विक्रीसाठी इतका जीव तोडणारा माणूस मी पाहिला नाही. पद कायम. फक्त तब्येतीला जपा. पुढच्या बैठका दिलीप घेईल."

तेव्हापासून मी कायम प्रमुख आहे. दर बैठकीला वेळेवर हजर असतो, कॅमेऱ्यात रोखून बघतो आणि पूर्ण आत्मविश्वासानं म्यूटवर बसतो.