न उचलायचा फोन

फोन न उचलता आणि समोरच्याला उचलू न देता आयुष्यभर भरपूर बोलता येतं, हे सिद्ध करून दाखवलेले गृहस्थ अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात एकच आहेत आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. हातखंब्याच्या नाक्यावरून आत, रिक्षावाला जिथे पुढे यायला नाही म्हणतो तिथून थोडं पुढे त्यांचं घर. मुंबईला एका छापखान्यात नोकरी करून ते गावी परतले तेव्हा बाकी काही नाही, पण एक बटणांचा फोन तेवढा घेऊन आले, असं मामी म्हणतात. तो फोन अजून चालतो. त्याचं मागचं झाकण रबर बँडने धरून ठेवलंय आणि बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत. नवीन घेऊन देतो म्हटलं की मामा म्हणतात, "आकडे बोटांना पाठ हायत. दिसायला कशाला हवेत?"

या फोनवरून मामा बोलत नाहीत, मिस्ड कॉल देतात. एक रिंग म्हणजे पोचलो किंवा सगळं ठीक. दोन रिंगा म्हणजे घरी या, काम आहे. रविवारी सकाळी तीन रिंगा आल्या की मी ओळखतो, मामा मासळीला निघालेत आणि आमच्यासाठीही घेणार आहेत. घरामागच्या काजूच्या बागेत बसून ते मामींनाही एक रिंग देतात, तिचा अर्थ चहा टाक. एकदा मी त्यांचा फोन चुकून पहिल्याच रिंगेला उचलला. मग दुखावलेल्या आवाजात मामा म्हणाले, "उचललात कशाला, जावई? आता काय बोलू मी?" आणि खरोखरच आम्हा दोघांना काही सुचलं नाही. याउलट कंपनीच्या जाहिरातीचा फोन आला तर तो मात्र ते शेवटपर्यंत ऐकतात. रेकॉर्ड केलेली बाई गाणी लावून घ्या म्हणत असते आणि मामा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहून तिला अदबीने सांगत असतात, नको बाई, आमच्याकडे हौस नाही कुणाला. मधेच ठेवत का नाही, असं मी विचारलं, तर बाईमाणूस बोलत असताना ठेवणं बरं दिसत नाही, हे उत्तर.

आमच्या नात्यागोत्यातल्या सगळ्यांचे रिचार्ज मी सांभाळतो. आकडे जुळवल्याशिवाय मला झोप लागत नाही, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं. मामांच्या कंपनीने दर वाढवले तेव्हा मी हिशेबाला बसलो आणि लक्षात आलं की ज्या फोनवर नेट उघडतच नाही, त्या फोनसाठी मामा रोज दीड जीबी नेटचे पैसे भरत होते. हे त्यांना सांगितलं आणि ते अक्षरशः उभे राहिले. "म्हणजे मी बांगडे घ्यायचे आणि पैसे पापलेटाचेपण द्यायचे?" पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ते हे पापलेट ऐकवत होते. मी शोधून दुसऱ्या कंपनीचा बिननेटचा प्लॅन काढला. निम्म्याहून स्वस्त, आणि बोलणं हवं तेवढं. मामांची एकच अट होती. नंबर बदलायचा नाही.

अट होती ती आक्कासाठी. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, तिकडे दूर अलोरे गावात, सरकारी कॉलनीच्या कडेला एकटी राहणारी. तिला वाचता येत नाही, पण भावाचा नंबर ती चित्रासारखा ओळखते. रोज दिवेलागणीला मामा तिला एक रिंग देतात आणि तिची एक रिंग परत येते. ती आली की मामा पाय धुवून आत जातात. कधी उशीर झाला तर खळ्यात येरझाऱ्या घालतात आणि मामी त्यांना जेवायला हाक मारत नाहीत. मी त्यांना कितीदा सांगितलं की मामा, आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, दोन शब्द बोला तिच्याशी. ते म्हणत, रोज ठीक असणाऱ्या माणसांनी आणखी काय बोलायचं?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा सगळा सोपस्कार मी केला. नाक्यावरच्या दुकानात मामांचा अंगठा काही केल्या यंत्राला पटेना, कारण काजूच्या डिंकाने त्याच्या रेषाच गेल्या होत्या. शेवटी करंगळी चालली. सिम आलं ते नखाएवढं. दुकानदाराने ते कार्डातून काढलं, मामांचा फोन पाहिला आणि जुन्या फोनात बसावं म्हणून पुन्हा मोठ्या चौकटीत बसवून दिलं. एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती. जुनं सिम काही दिवसांनी, मी तिथे असताना, बंद पडलं ते नेमकं दिवेलागणीच्या आधी, आणि नवीन जागं होईना.

मामा खळ्यात गेले, आत आले, पुन्हा गेले. मी म्हटलं, माझ्या फोनवरून लावू. लावला. उत्तराची रिंग नाही, कारण माझा नंबर तिच्या ओळखीचा नव्हता. म्हणून दुसऱ्यांदा लावला तेव्हा तोडला नाही, ती उचलेल म्हणून पूर्ण वाजू दिला. मामांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"पूर्ण वाजवलात? जावई, पूर्ण कधी वाजवायचा असतो? कोण गेलं तरच!"

हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी घाबरून बायकोला रत्नागिरीला फोन केला, तिने तिच्या मावशीला, म्हणजे आक्काला, समजवायला फोन लावला, आणि तोही पूर्ण वाजला. मामींनी मला आता आणखी कुणाला काही सांगू नका म्हणून बजावलं आणि सिम सुरू होईपर्यंत इथून हलायचं नाही असंही सांगितलं.

सिम पहाटे जागं झालं. मामांनी लगेच रिंग दिली, पण आक्का तोवर पहिल्या गाडीत बसली होती आणि फोन घरीच राहिला होता. दहाच्या सुमारास मामा खळ्यात सुपाऱ्या पसरत होते. इतक्यात बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, मोठ्याने रडणं ऐकू आलं. मामा धावत गेले.

"आक्का, कोण गेलं गं?"

आक्का थांबली. त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तू." आणि हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली.

चहा होईपर्यंत ती आळीपाळीने रडत आणि शिव्या देत होती. मी जवळ जाऊन सगळं समजावलं, सिम, कंपनी, सगळं. तिने कानामागे हात धरला आणि मामींकडे पाहिलं. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. तेव्हा मामांनी विचारलं की ऐकू येत नाही का तुला.

"लय दिवस झाले. मोठ्यानं बोललं तर कळतं थोडं. फोनातलं कायच नाय."

"मग माझी रिंग?"

"उजेड पडतो ना. समोर ठेवून बसते. काल उजेड जाईच ना, तवाच समजले."

मामांनी तिची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. मीही माझा कप उचलून मागच्या पडवीत गेलो. दोन शब्द बोला, असं मी त्यांना इतके दिवस सांगत होतो.

आक्का चार दिवस राहिली. भावंडं सकाळपासून ओरडून बोलत होती, त्यामुळे त्यांच्या लहानपणीची सगळी भांडणं शेजारच्या तीन घरांना कळली. तिला गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. चढताना तिने मामांना एवढंच सांगितलं की लगेच तोडू नको, मान वळवून बघेपर्यंत विझतं.

त्या संध्याकाळी मी तिथेच थांबलो. मामांनी नंबर लावला आणि फोन कानाला न लावता छातीशी धरून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाची मान वळायला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज घेत राहिले. मग सावकाश लाल बटण दाबलं. बऱ्याच वेळाने तिकडून रिंग आली. नेहमी एकदा वाजून थांबणारी ती रिंग त्या दिवशी वाजत राहिली. मामांनी ती उचलली नाही आणि आतही गेले नाहीत. घाई तिलाही नव्हती.