कोरडी पायरी

आमची ही गवंडी आणि मी शिंपी. घरात सुई माझ्या हातात, थापी तिच्या. लोकांना हसायचं तर हसू दे, आमचं झकास चाललंय.

तिचं एक खूळ मात्र लग्नाच्या दिवसापासून मी बघतोय. जिना दिसला की पहिल्या पायरीवर टाच दोनदा आपटायची. लग्नाच्या मंचावर चढतानाही आपटली. आई माझ्या कानात म्हणाली, "सूनबाईच्या चपलेत खडा गेलाय का रे?" खडा कसला डोंबलाचा! ही तिच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाची खूण. तिथे शेवटच्या वर्षाची मुलं वर्षाच्या सुरुवातीलाच टेकडीवरच्या जिन्याला एक दगडी पायरी स्वतःच्या हातानं जोडतात. म्हणून तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना कुणी माजी विद्यार्थी म्हणत नाही, पायरीवाले म्हणतात. आणि पायरीवाला जगात कुठेही जावो, जिन्याला टाच मारल्याशिवाय चढत नाही.

एकदा एका कचेरीत एका अनोळखी साहेबानं टाच आपटली, पाठोपाठ हिनंही आपटली. दोघं लहानपणीच्या मित्रांसारखे हसले. मग त्यानं विचारलं, "पास कुठल्या साली झालात?" हिचं तोंड एवढंसं झालं. कारण ही पास झालीच नव्हती. शेवटच्या परीक्षेला चार महिने राहिले आणि वडील, तेही गवंडीच, परांचीवरून पडले ते अंथरुणालाच खिळले. हिनं वह्या गुंडाळल्या आणि त्यांची थापी उचलली. घर चालवलं, धाकट्या भावंडांना मार्गी लावलं, माझ्यासारख्या चक्रमाशी संसार केला. पण "तुम्ही पायरीवाल्या का?" असं कुणी विचारलं की तिला हो म्हणवत नसे आणि नाही म्हणताना जीव तुटत असे. सव्वीस वर्षं हे कुसळ टोचत राहिलं.

यंदा तिनं ठरवलं, पायरीवाल्यांच्या मेळाव्याला जायचंच. मेळाव्यात प्रत्येक तुकडी आपापल्या पायरीवर उभी राहते, बाकीचे खाली खुर्च्यांवर.

मी म्हटलं, "अगं, कशाला अपमान करून घ्यायला जातेस?"

"अहो, मला एकदा त्या पायरीवर उभं राहायचंय. तुम्ही येताय की नाही, तेवढं बोला."

न येऊन सांगतो कुणाला! तिला नवा कोट शिवला आणि निघालो.

व्हायचं तेच झालं. दारातल्या टेबलावर कारकुनानं यादी वरून खाली चाळली, खालून वर चाळली. "पदवीचा क्रमांक?"

"नाही."

"मग बाई, तुम्ही पाहुण्या. तिकडे खुर्चीवर बसा."

माझं डोकंच सणकलं. मी बाह्या सरसावल्या, तर हिनं मला कोपरानं ढोसलं आणि शांतपणे त्याला विचारलं, "सकाळी जिना धुतलात ना?"

"धुतला. मग?"

"मग पाणी कुठे कुठे साचलंय ते बघा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. पायरीपायरीवर डबकं. मोठमोठे पायरीवाले पँटी वर धरून बगळ्यासारखे पाय टाकत चढत होते. मधली एकच पायरी खडखडीत कोरडी.

"ती मी बसवलीय," ही म्हणाली. "हे पडले इंजिनिअर. पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये आला की खूश, पायरी सपाट! उघड्यावरच्या पायरीला पुढच्या अंगाला नखभर ढाळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी थांबत नाही. माझ्या वडिलांची शिकवण. आमच्या तुकडीनंही सपाटच बसवली होती. त्याच संध्याकाळी, सिमेंट ओलं होतं तोवर, मी ती उचकटली आणि नीट बसवली."

एव्हाना गर्दी जमली होती. कुलगुरू बाई स्वतः खाली आल्या. "याला साक्षीदार कुणी आहे का?"

कोरड्या पायरीवरून एक टकले गृहस्थ धडधडत उतरले. हे मोठमोठे पूल बांधतात म्हणे. "मी आहे की! घमेली मी वाहिली आणि हिच्या शिव्याही मीच खाल्ल्या. अगं मुकादम, होतीस कुठे इतकी वर्षं? किती शोधलं तुला!"

कुलगुरू बाईंनी कारकुनाकडे बघितलं. "ज्यानं पायरी बसवली तो पायरीवाला, एवढंच आपल्या जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. पदवीची अट मागाहून कुणी घुसडली कोण जाणे. यांचं नाव लिहा." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि यंदाची पायरी दुपारी बसायचीय. आमच्या पोरांना तेवढा ढाळ शिकवून जा."

कारकुनानं नाव लिहिलं. ही टकल्या मित्राबरोबर वर गेली, मी खुर्चीवर बसलो. काय करणार, मी पडलो नुसता शिंपी!

मग हजेरी सुरू झाली. तुकडीतलं एकेक नाव पुकारायचं आणि पायरीवरून त्यानं "आहे!" म्हणायचं. हिचं नाव सगळ्यात शेवटी आलं, माहेरचं. ते नाव मोठ्यानं घेतलेलं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. हिनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. सगळे थांबले. काही कळायच्या आत मीच खुर्चीवरून उठून ओरडलो, "आहे! आहे!"

सगळी टेकडी हसली. हीसुद्धा हसली, कोटाच्या बाहीनं तिनं डोळे पुसले आणि असं काही "आहे!" ठणकावलं की टाळ्या थांबेनात. पुढच्या तुकडीची हजेरी खोळंबली. मी मात्र, आता सांगायला लाज कसली, खाली उभा राहून हमसून हमसून रडत होतो.