गोळी घेऊनही ताप परत आला तेव्हा

आम्ही दोघं अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. हौसा, माझी बायको, फोडायची कमी आणि खायची जास्त. मी बोललो तर म्हणाली, "आवं, खवट निघाली तर तुमालाच लागंल. चाखून बघती." हसली, आणि भर उन्हात थंडीनं कुडकुडायला लागली.

मी माधवनगरात हिवतापाचा कर्मचारी. दारोदार जायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि क्लोरोक्विनची गोळी समोर गिळायला लावायची, हे काम. शाळा चौथी. त्या गोळीनं बरी झालेली माणसं गल्लोगल्ली होती. हौसालाही तीच दिली. ताप उतरला, म्हणून मी गप बसलो. मग दुप्पट चढून आला, आणि भ्रमात ती मलाच भाऊजी म्हणायला लागली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मेंदूत चढलाय. काही जंतू आता क्लोरोक्विनला दाद देत नाहीत. क्विनाईन सलाईनमधून देऊ."

"क्विनाईन? सायेब, ती तर आमच्या आज्याच्या येळची. ह्या गोळ्या आल्या नि ती मागं पडली की."

"अशा पेशंटला पुन्हा तीच लागते."

सलाईन चढली, तशी तिला जरा शुद्ध आली. या औषधानं कान वाजतात. म्हणाली, "आवं, गिरणीचा भोंगा वाजतोय. पाळी सुटली व्हय?"

गिरणी कधीच बंद पडलेली. मी म्हणालो, "व्हय, सुटली. नीज आता."

"तुमी जेवला?"

"जेवलो."

खोटं बोललो. संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, औषध बरोबर होतं, वेळ गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुया-काचांची पेटी उचलली. थोरला भाऊ आडवा आला. "याड लागलं का रं? सुतक हाय. कुणाच्या दारात जायचं न्हाई."

"उंबरा वलांडत न्हाई."

बाहेर उभा राहून हाका मारल्या. कुणी पुढं येईना. सुतकातल्या माणसाला कोण शिवणार? शेवटी शेजारची गंगूकाकू तापलेल्या नातीला कडेवर घेऊन आली. "घे रगत. आमी आंघोळ करू."

रक्त घेतलं, गोळी दिली. "काकू, गोळी चांगलीच हाय. पण ताप उतरला म्हणून गप बसू नगा. परत आला तर थेट सांगली."

नुसती गोळी देऊन भागत नाही, नंतर परत जाऊन बघावं लागतं. पोरीच्या कपाळाला हात लावला. "उद्या येतो बघायला," म्हणालो, आणि पुढच्या घराच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.