पिवळ्या तुऱ्यांचं रान आणि काकूचं नाक

आमच्या काकूच्या नाकाचा घरात दरारा होता. तीस वर्षं इस्पितळाच्या बागेत माळीकाम करत आलेली बाई. पान चिमटीत चुरायचं, नाकाशी न्यायचं आणि झाडाचं नाव सांगून मोकळं व्हायचं, ही तिची पद्धत. एकदा मी तिच्यापुढे झाडांचं पुस्तक उघडायचा शहाणपणा केला होता. आठवडाभर टोमणे खाल्ले.

त्या उन्हाळ्यात तिच्या घरामागच्या कुंपणालगत पुरुषभर उंच रान माजलं. शेंड्याला छत्रीसारखे पसरलेले पिवळे तुरे. काका म्हणजे रिटायर झालेले बसड्रायव्हर, हल्ली सारखे स्वयंपाकघरात घुटमळतात म्हणून काकूच्या शिव्या खाणारे. त्यांनी सकाळी एक पान आणून हे काय म्हणून विचारलं. काकू कामावर निघायच्या घाईत होती. तिने न बघताच ते चुरलं, हुंगलं आणि रानबडीशेप आहे, खुशाल कापा, असं सांगून पायात चपला सरकवल्या.

दुपारी बागेच्या ऑफिसात नवा सूचनाफलक लागला. असेच पिवळे तुरे, बडीशेपेच्याच कुळातलं झाड, पण चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. काकूच्या पायांखालची जमीन सरकली. कारण सहा महिन्यांपूर्वीच्या तापापासून तिला कसलाच वास येत नव्हता. लाजेपोटी तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सकाळचं हुंगणं निव्वळ नाटक होतं.

तिने फलकाचा फोटो काढला आणि मला गाडी घेऊन बोलावलं. वाटेत तिने सगळं कबूल केलं. आम्ही पोचलो तेव्हा काका बाह्या दुमडून, भर उन्हात अर्धं रान आडवं करून उभे होते. काकूने त्यांना दंडाला धरून नळाखाली नेलं, साबणाने हात घासले आणि आत सावलीत बसवलं. त्यांना काही कळेना.

मग हातमोजे चढवून ती कुंपणाशी गेली. मी फोटो धरला. फोटोतली पानं रुंद, दातेरी. इथली केसांसारखी बारीक. फोटोतल्या देठाला खोल खाचा, इथला गुळगुळीत. मी हुंगून बघतो म्हटलं, तर तिने मला हाताने थांबवलं. डहाळी घेऊन ती आत काकांपुढे जाऊन उभी राहिली.

“अहो, याला कसला वास आहे? मला येत नाही. तापापासून काहीच येत नाही.”

काकांनी डहाळी नाकाशी धरली. “बडीशेपेचा. घमघमाट सुटलाय.”

काकू मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. “इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं,” ती म्हणाली.

“आणि तुला वास येत नाही, हे मला कधीचंच ठाऊक आहे,” काका म्हणाले. “सहा महिने दूध करपायच्या आत गॅस कोण बंद करतंय, असं वाटलं तुला?”

काकूने डोळे पुसले, त्यांच्या हातातली डहाळी घेतली आणि सवयीने हुंगली.