मशीन पुसणारी

लोखंड कापायची मिलिंग मशीन घरी आली तेव्हा मला तिचा रागच आला होता. पाचपावलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या मागे कवेलूंच्या छपराची पडवी होती. माझं जळण आणि धुण्याचा दगड तिथेच असायचा. यजमानांनी दोन्ही उचलून अंगणात टाकलं आणि कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातली ती काळी, तेलकट मशीन तिथे आणली. ते नोकरीत मिलिंगचंच काम करायचे. घरी स्वतःचं काम सुरू करायचं हे त्यांचं लग्नाआधीपासूनचं वेड होतं.

मशीनसाठी जमीन खोदून काँक्रीट ओतलं. भर मे महिना. त्यावर गोणपाट टाकून दिवसभर पाणी शिंपायचं काम माझ्याकडे. आम्हाला प्यायला पाणी पुरत नव्हतं आणि मी सिमेंटला पाजत होते. मग मशीन उभी राहिली. तिचं टेबल सगळीकडून समपातळीत असावं लागतं, नाहीतर कापलेलं लोखंड तिरपं निघतं. यजमान पहारीने कोपरा उचलायचे, मी पायाखाली पत्र्याची चीप सरकवायची आणि लेव्हलच्या काचेतला बुडबुडा पाहून सांगायची.

"आला का मधात?"

"नाही."

"आता?"

"आता तिकडे पळाला."

दुपार गेली त्यात. पण बुडबुडा मधोमध येऊन थांबला तेव्हा मीच ओरडले, "आला!" आणि का कोण जाणे, मशीनवरचा माझा राग तिथे कमी झाला.

पुढे इतवारीतल्या जुन्या लोखंडाच्या दुकानांतून यजमान एकेक वस्तू आणत गेले. लोखंड घट्ट धरणारा वाइस, दात कापायचे गोल कटर, आणि चाकाला सारख्या अंतरावर दात पडावेत म्हणून चाक हिशेबाने थोडं थोडं फिरवणारं एक यंत्र. त्याला भोकांची गोल तबकडी असते. एक दात कापला की दांडा ठरलेली भोकं मोजून पुढे न्यायचा. मी रॉकेलने सगळं धुऊन, गंज घासून द्यायची आणि विचारत राहायची, हे काहून, ते कशाला. ते सांगायचे. त्यांना सांगायला आवडायचं.

काम नुकतं सुरू झालं होतं आणि कामठी रोडवर ट्रकच्या धडकेत त्यांचा उजवा कोपर चुरा झाला. हाड जुळलं पण कोपर वाकेना. बोटांत ताकद राहिली नाही. नोकरीत त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पडवीतली मशीन पोत्यांनी झाकून ठेवली.

पोती मी काढली. "तुम्ही सांगा, मी फिरवतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायका रागात किंवा हट्टात असं पुरुषासारखं बोलतात. साडीवर त्यांचा जुना खाकी शर्ट घातला, पदर आत खोचला, केस फडक्यात बांधले. ते स्टुलावर बसून सांगायचे. "हँडल जास्त गेलं ना, तर तेवढंच मागं नको आणू. खूप मागं जा आणि मग पुढे ये. स्क्रूच्या आट्यात ढिलाई राहते." पहिल्या चाकाचा शेवटचा दात बारीक सुपारीच्या फोडीसारखा निघाला. कुठेतरी भोकं मोजताना चुकले होते. मी रडकुंडीला आले. ते हसले आणि म्हणाले, "माझा पहिला दात तर निघालाच नव्हता."

असा माणूस होता. म्हणून पुढचं जास्त लागलं.

कामठीच्या एका लूमवाल्या शेठचं काम आम्हाला मिळालं. त्याच्या पॉवरलूमची बिडाची चाकं झिजायची, तशी नवीन करून द्यायची. वर्षभर मीच कापत होते. बिडाची काळी भुकटी नाकात, नखांत, पोळीच्या पिठात. फक्त गल्लीकडचं दार लावून काम करायचं, असं यजमानांनी ठरवलं होतं. आवाज जातो म्हणायचे. मीही मानलं.

एका रविवारी शेठ न सांगता आला आणि अंगणातून सरळ पडवीत शिरला. मशीन चालू होती. कटर चाकात होता, माझा हात हँडलवर. यजमान बाजूला स्टुलावर.

"काय गा भाऊ," शेठ म्हणाला, "वहिनी काय करून राहिल्या?"

यजमान झटकन उभे राहिले. "काही नाही. मशीन पुसून राहिली. साफसफाई तिच्याकडेच असते."

कटर फिरत होता. त्याची खरखर तिघांनाही ऐकू येत होती.

शेठने पिशवीतून एक चाक काढलं. दातांवर बोट फिरवत म्हणाला, "हे पाहा, तुमच्या हातचं. वर्षभर फिरून राहिलं, आवाज नाही. असेच पाहिजे मले. आणि बाईमाणसाले मशीनजवळ नका येऊ देऊ भाऊ, बिघडून जाते."

आणि यजमान हसले. तो न वाकणारा हात पाठीमागे धरून, "नाही, नाही," म्हणत हसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चहा ठेव वं."

मी मशीन बंद केली. कटर चाकातच राहू दिला.

"चहा तुम्ही ठेवा," मी म्हटलं. "तुमचा हात चांगला चालते, आत्ताच ऐकलं मी."

शेठ चहा न घेता गेला. त्यानंतर घरात जे झालं ते गल्लीने ऐकलं. "खरं सांगितलं असतं तर काम गेलं असतं," ते म्हणाले. "तर जाऊ द्यायचं होतं," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील मले? बायकोच्या कमाईचं खाते म्हणतील." "मग कोणाचं खाता?" मी विचारलं. ते मी बोलायला नको होतं असं आजही कोणी म्हणतं. मला तसं वाटत नाही.

मी मशीनला हात लावला नाही. चाकं अडून पडली. शेवटी त्यांनी स्वतः डाव्या हाताने करून पाहिलं. मी चुलीपाशी होते. कटर थडथडत होता, लोखंड नीट आवळलं गेलं नव्हतं हे मला तिथे बसून कळत होतं. मी उठले नाही. मग काहीतरी कडाडलं आणि मोटर बंद झाली. कटरचा दात गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते बस धरून कामठीला गेले आणि शेठला खरं काय ते सांगितलं. परत आले ते पोतं घेऊन. शेठने शिलकीतली सगळी चाकं परत दिली होती. "दात बरोबर नाहीत म्हणते," यजमान खाली पाहत म्हणाले.

"आणि जे लूमवर फिरून राहिले ते?"

लूमवरची चाकं त्याने ठेवून घेतली होती.

माझं डोकं फिरलं. तेच पोतं घेऊन मी एकटी कामठीला गेले. लूमच्या खडखडाटात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून मी पोतं त्याच्या पायाशी ओतलं. शेठ मला बाहेर घेऊन आला.

"माझे दात बरोबर नाहीत ना?" मी म्हटलं. "मग चालते लूम थांबवा आणि आतले चाकंही काढून द्या. मी घेऊन जातो."

"वहिनी, तुम्ही बसा तर..."

"बसाले नाही आली."

त्याने लूम थांबवले नाहीत. थांबवणारच नव्हता. एका माणसाला बोलावून सांडलेली चाकं उचलून आत ठेवायला लावली. चूक झाली असं म्हणाला नाही. पुढे त्याचं काम येत राहिलं, पण निरोप नेहमी "भाऊले सांगा" असाच.

यजमानांनी मात्र गल्लीकडचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "काम तिले समजावून द्या, तीच करते." काही जण ऐकून परत गेले, काही राहिले. शेजारणी म्हणायच्या, नशीब तुझं, किती मोठ्या मनाचा नवरा. मी नवा कटर शाफ्टवर चढवत असायची आणि मनात म्हणायची, माझ्या हाताने केलेलं काम माझं आहे एवढं कबूल करणाऱ्याला मोठ्या मनाचा म्हणतात, आणि त्याबद्दल मी आभार मानावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी कधी मानले नाहीत. अजूनही आठवलं की दात-ओठ खाते.