यंत्राचा उपास

गेल्या रविवारी रानशेतला आमच्या गच्चीवर एक यंत्र पूजेला बसलं… आणि पूजेनेच सगळा घोटाळा केला.

यंत्र आणलं होतं माझ्या पुतणीने, केतकीने. हवेतले काजळीचे बारीक कण मोजणारं, शिलाई मशीनच्या पेटीएवढं. पुढच्या महिन्यात ते विमानात बसून उत्तर ध्रुवाकडे जाणार! लांबलांबच्या मुलखांतली काजळी वाऱ्यावर तिथपर्यंत पोचते म्हणे. पांढऱ्या बर्फावर बसते, मग तो बर्फ उन्हात लवकर वितळतो.

मी मॅट्रिकही नाही, पण प्रश्न फार. विमानाचाच धूर मोजला गेला तर? केतकी हसली. "काका, हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड इंजिनाच्या पुढे असतं. आपला धूर आपल्याच नाकात नको."

जाण्याआधी यंत्राची परीक्षा होती. शहरात धूर फार, म्हणून आमच्याकडे. दिवसभर सलग चालवायचं, जवळपास काही पेटता कामा नये. सोमवारी पहाटे तिची वाणगावहून गाडी, म्हणजे दुसरा दिवस हाताशी नव्हता.

आणि आमची ही… घरात नवी वस्तू आली की हिला राहवत नाही. सकाळीच हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि नळीच्या तोंडाशी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा! केतकीच्या मोबाइलवर यंत्राचा आकडा असा चढला की ती चहा टाकून जिन्यावर धावली.

"काकू!!"

"अगं, एवढ्या लांब चाललंय, विघ्न नको म्हणून…" हिचा चेहरा एवढासा झाला.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर संध्याकाळी सातपर्यंत जमण्यासारखं होतं. मग मात्र ही पदर खोचून उठली. पडवीतली चूल बंद, गॅस बंद, देवापुढचा दिवासुद्धा! शेजारचे दामूभाऊ रोज पालापाचोळा पेटवतात, पाला नको, चूलही नको म्हणत त्यांच्या अंगणात जाऊन उभीच राहिली. त्यांनी काडेपेटी खिशात घातली, पण तोंड कसलं बंद राहतंय… "वहिनी, उपास यंत्राचा, आणि उपाशी आम्ही?"

दिवसभर दहीपोहे. चहा नाही… कसा काढला दिवस, माझं मला माहीत.

सातला केतकी खाली आली. "झालं काकू, पास!" हिने डोळ्यांना पदर लावला.

पण मला एक गोष्ट सोडेना. सगळ्या चुली थंड, तरी आकडा खाली येत येत एका जागी थांबला. शून्यावर आलाच नाही. मग हा धूर कुणाचा?

"लांबचा, काका. हायवे, भट्ट्या, कुणाची शेतं… नक्की नाही सांगता येत."

ही चुलीत लाकूड सारत होती. हात तसाच थांबला. "मग आपला कुणाकडे जातो गं?"

"तेच तर बघायला चाललेय, काकू."

यंत्र गेलं, पेटीवर कुंकवाचं बोट तसंच घेऊन. चूल रोज पेटते, चहाही होतो. पण पडवीतून धूर वर निघाला की आम्ही दोघं आता घटकाभर बघत उभे राहतो… कुठे चाललाय ते.